गेमिंग संगणकासाठी प्रोसेसर कसा निवडावा: मॉनिटरपासून मदरबोर्डपर्यंतचा सविस्तर विचार

गेमिंग संगणक जुळवायला घेतला की बहुतेकांची यादी प्रोसेसरच्या नावापासून सुरू होते. माझ्या मते ती मॉनिटरपासून सुरू व्हायला हवी, कारण प्रोसेसरकडून किती काम करून घ्यायचे हे समोरच्या पडद्यावर आणि त्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांवर ठरते. हा क्रम उलटा झाला की दोनपैकी एक चूक हमखास होते. एक तर ग्राफिक्स कार्डावर जायला हवे होते ते पैसे न वापरल्या जाणाऱ्या कोरांवर (प्रोसेसरमधल्या स्वतंत्र गणनाकेंद्रांवर) जातात, किंवा महागडे कार्ड हळू प्रोसेसरची वाट पाहत अर्धवट रिकामे बसते.

प्रोसेसरचे खेळातले काम

पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक फ्रेमसाठी दोघे राबत असतात. प्रोसेसर आधी खेळाचे जग एक पाऊल पुढे नेतो: माऊस आणि कीबोर्ड वाचतो, संगणकाच्या बाजूची पात्रे कुठे जाणार ते ठरवतो, वस्तूंच्या टकरींचे गणित करतो आणि काय, कुठे, कसे काढायचे याच्या आज्ञांची यादी ग्राफिक्स कार्डाला देतो. कार्ड त्या यादीनुसार चित्र रंगवते. दोघांपैकी जो हळू, त्याच्या चालीने फ्रेम मिळतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमसाठी १६.७ मिलिसेकंद हाताशी असतात, १४४ फ्रेमसाठी ६.९ आणि २४० फ्रेमसाठी जेमतेम ४.२. एवढ्या वेळात प्रोसेसरने आपली यादी पुरी केली नाही, तर कार्ड कितीही ताकदवान असले तरी ते थांबूनच राहते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. १०८०पी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात आणि ४के पडद्यावर सुमारे ८२.९ लाख, म्हणजे बरोबर चौपट. या चौपट रंगकामाचा भार जवळजवळ सगळा ग्राफिक्स कार्डावर पडतो, कारण शत्रू तितकेच असतात, टकरी तितक्याच असतात आणि आज्ञांची यादीही साधारण तेवढीच राहते. म्हणून एखादा प्रोसेसर एखाद्या खेळात सेकंदाला १२० फ्रेमच तयार करू शकत असेल, तर ती १२० ची मर्यादा १०८०पी वरही असते आणि ४के वरही असते. फरक इतकाच की ४के वर कार्ड आधीच दमलेले असल्यामुळे ती मर्यादा आपल्या नजरेला येत नाही.

पहिली पायरी: लक्ष्य कागदावर लिहा

मॉनिटरचे रिझोल्यूशन, त्याचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो तो हर्ट्झमधला आकडा) आणि ज्या तीन-चार खेळांत तुमचे बहुतेक तास जाणार आहेत त्यांची नावे, एवढे लिहून काढा. ‘काउंटर-स्ट्राइक २’ किंवा ‘व्हॅलरंट’ २४० हर्ट्झच्या पडद्यावर खेळणाऱ्याला प्रोसेसरच महत्त्वाचा ठरतो, कारण तिथे चित्र हलके असते आणि फ्रेम मात्र भरमसाट हव्या असतात. कथाप्रधान, देखणे खेळ १४४० पी किंवा ४के वर ६० ते ९० फ्रेमने खेळणाऱ्याला मध्यम प्रोसेसर पुरतो आणि उरलेले पैसे कार्डावर घालणेच शहाणपणाचे असते. तिसरा गट आहे तो विमानउड्डाण, शहरबांधणी आणि मोठ्या नकाशांवरच्या डावपेचांच्या खेळांचा. त्यांत फ्रेम कमी असल्या तरी प्रत्येक फ्रेममागे प्रोसेसरचे गणित अवाढव्य असते, त्यामुळे पडदा साधा असला तरी प्रोसेसर चांगलाच लागतो.

४के पडदा असणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. डीएलएसएस किंवा एफएसआर ही चित्र लहान काढून मोठे करणारी तंत्रे ‘परफॉर्मन्स’ दर्जावर चालवली की ४के पडद्यासाठीचे चित्र आत प्रत्यक्षात १०८०पी मध्ये तयार होते आणि मग मोठे केले जाते. कार्डाचा भार हलका होतो, फ्रेम वाढतात आणि प्रोसेसरची झाकलेली मर्यादा पुन्हा वर येते. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून केलेले चित्रण) सुरू केल्यावर कार्डाबरोबर प्रोसेसरचेही काम वाढते. ‘४के वर प्रोसेसरने काही फरक पडत नाही’ हे वाक्य म्हणूनच पूर्वीइतके खरे राहिलेले नाही.

दुसरी पायरी: हातातल्या संगणकाची तपासणी करा

जुना संगणक असेल तर नवा प्रोसेसर घेण्याआधी तो खरोखरच कमी पडतो आहे का हे पाहावे. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. आधी खेळातली व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधणारी सोय) आणि फ्रेमवरची मर्यादा बंद करा, नाहीतर आकडे फसवतील. मग खेळातली एक गर्दीची जागा निवडा, कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणारे साधन सुरू करा आणि फ्रेमचा आकडा टिपून ठेवा. आता त्याच जागी उभे राहून रिझोल्यूशन खाली आणा. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडत होते. फ्रेम जागच्या हलल्याच नाहीत तर प्रोसेसर कमी पडतो आहे.

माझ्या एका शहरबांधणीच्या खेळात हे अगदी स्पष्ट दिसले होते. शहर लहान असताना ६० फ्रेम आरामात मिळत, पण वस्ती वाढली, रस्त्यांवर हजारो वाहने आली आणि आकडा ३० च्या आत घसरला. मी आधी सावल्या कमी केल्या, मग पाण्याचा दर्जा उतरवला आणि शेवटी सगळेच किमान दर्जावर नेले, तरी दोन-तीन फ्रेमच हाती लागल्या. त्या वेळी कार्डाचा वापर निम्म्याच्या आसपास रेंगाळत होता. ते कार्ड बदलले असते तर काडीचाही फायदा झाला नसता.

अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून अनेकजण गोंधळतात, कारण तिथे प्रोसेसरचा वापर ३०-४० टक्केच दिसतो. हा आकडा सगळ्या थ्रेडची (कोरांवर एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामाच्या धाग्यांची) सरासरी असतो. खेळाचा मुख्य थ्रेड एकच असतो आणि तो एका वेळी एकाच कोरवर धावतो, त्यामुळे १६ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये तो पूर्ण क्षमतेने दमला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा सहा-सात टक्क्यांचाच असतो. आलेखावर उजवी क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे पाहता येतात, पण विंडोज हा थ्रेड कोरांमध्ये फिरवत असल्याने तिथेही १०० टक्क्यांची रेघ दिसेलच असे नाही. म्हणून मी कार्डाच्या वापरावर जास्त विश्वास ठेवतो. कार्ड सातत्याने ९५ टक्क्यांच्या वर असेल तर प्रोसेसर पुरेसा आहे असे समजावे.

तिसरी पायरी: कोर, वेग आणि कॅशे यांचा खरा अर्थ

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा कोरांचा असतो, आणि खेळांच्या बाबतीत तोच सर्वांत जास्त दिशाभूल करतो. २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स या दोन्हींत आठ कोरांचा प्रोसेसर आहे, त्यामुळे मोठे खेळ साधारण त्या चौकटीत बसतील असेच घडवले जातात. सहा वेगवान कोर आणि बारा थ्रेड ही आज समाधानकारक सुरुवात आहे, तर आठ कोरांत पुढची काही वर्षे निश्चिंतपणे काढता येतील. त्यापुढचे कोर चित्रफीत संपादन, त्रिमितीय रेंडरिंग किंवा प्रोग्राम कंपाइल करणे अशा कामांत उपयोगी पडतात, पण खेळात बहुधा बसूनच राहतात. नवीन संगणकासाठी चार कोरांचा प्रोसेसर मात्र मी सुचवणार नाही. सरासरी फ्रेम बऱ्या दिसल्या तरी नव्या खेळांत तो मधूनमधून अडखळतो, आणि ते अडखळणेच खेळाचा रस घालवते.

गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात त्याचा, आकडा केवळ एकाच घराण्यातल्या प्रोसेसरांची तुलना करताना वापरावा. एका ठोक्यात किती काम होते हे प्रत्येक पिढीत बदलत असल्यामुळे जुन्या पिढीचे ५ गिगाहर्ट्झ आणि नव्या पिढीचे ५ गिगाहर्ट्झ यांत बरेच अंतर असते.

आता कॅशेकडे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण अतिवेगवान स्मृतीकडे, वळू, कारण गेल्या काही वर्षांत खेळांसाठीच्या प्रोसेसरचे चित्र सर्वाधिक बदलले ते तिने. प्रोसेसरला लागणारी माहिती रॅममध्ये असेल तर ती आणायला साधारण ७० ते ९० नॅनोसेकंद जातात. ऐकायला हे नगण्य वाटते, पण ५ गिगाहर्ट्झवर धावणाऱ्या कोरसाठी ८० नॅनोसेकंद म्हणजे ४०० आवर्तने, आणि त्यांतली बरीचशी तो नुसता वाट पाहण्यात घालवतो. तीच माहिती प्रोसेसरच्या पोटातल्या एल३ कॅशेत सापडली तर हा वेळ कित्येक पटींनी घटतो. खेळांचे काम शेकडो पात्रे, हजारो वस्तू आणि त्यांच्या विखुरलेल्या नोंदी सतत चाळत राहण्याचे असल्याने मोठ्या कॅशेचा लाभ त्यांना विशेष होतो.

याचा सर्वांत बोलका दाखला एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी ने दिला. त्याचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्झ होता, म्हणजे त्याच्याच साध्या भावंडाच्या, ५८००एक्स च्या, ४.७ गिगाहर्ट्झपेक्षा कमी. कोर दोघांचे आठच. पण ५८००एक्स मध्ये ३२ एमबी एल३ कॅशे आणि ५८००एक्स३डी मध्ये चिपवर आणखी एक थर रचून केलेली ९६ एमबी, आणि तेवढ्यावर हा हळू प्रोसेसर बहुतेक खेळांत वेगवान भावंडाच्या पुढे गेला. त्याच वाटेने २०२३ मध्ये ७८००एक्स३डी आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ९८००एक्स३डी आले. या शेवटच्या प्रोसेसरात कॅशेचा थर कोरांच्या वर न ठेवता खाली ठेवला आहे, त्यामुळे कोर कूलरच्या जवळ आले, उष्णता सहज बाहेर पडू लागली आणि वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत नेता आला. तिसऱ्या गटातले, म्हणजे उड्डाणाचे आणि डावपेचांचे, खेळ हीच तुमची आवड असेल, तर एक्स३डी, म्हणजे अशा वाढीव कॅशेच्या, प्रोसेसरसाठी जास्त पैसे मोजणे योग्य आहे असे मी निःशंकपणे सांगेन. ६० हर्ट्झच्या पडद्यावर कथाप्रधान खेळ खेळणाऱ्याला मात्र हाच प्रोसेसर घेऊन पैशांच्या मानाने फारसे काही मिळणार नाही.

सोळा कोरांच्या ७९५०एक्स३डी बद्दलही विचारणा होते. त्यात आठ-आठ कोरांचे दोन गट असून वाढीव कॅशे एकाच गटाला आहे, त्यामुळे खेळ योग्य गटावर चालवण्यासाठी विंडोज आणि ड्रायव्हर यांचे नीट जुळावे लागते. संगणकावर गंभीर व्यावसायिक कामही होणार असेल तरच तो घ्यावा. निव्वळ खेळांसाठी आठ कोरांचा एक्स३डी अधिक सरळ पडतो.

इंटेलने २०२१ च्या अखेरीस बाराव्या पिढीपासून वेगळा मार्ग धरला. त्यांच्या बहुतेक प्रोसेसरांत ताकदवान पी-कोर आणि काटकसरी ई-कोर एकत्र असतात. कोअर आय५-१३६००के मध्ये १४ कोर आहेत, पण त्यांतले पी-कोर सहाच. खेळाचा मुख्य भार पी-कोर उचलतात, म्हणून तुलना करताना आधी तेच मोजावेत. आय५-१२४००एफ मध्ये ई-कोर मुळीच नाहीत, सहा पी-कोर आहेत, आणि मर्यादित पैशांत संगणक जुळवणाऱ्यासाठी तो कित्येक दिवस चांगला पर्याय ठरत आला आहे.

चौथी पायरी: प्रोसेसर एकटा विकत घेतला जात नाही

प्रोसेसरबरोबर सॉकेट (मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक), मदरबोर्ड आणि रॅमचा प्रकारही आपण निवडत असतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ चे पहिले रायझनही बसले आणि २०२२ चा ५८००एक्स३डी ही बसला. ज्यांनी सुरुवातीला साधा प्रोसेसर घेतला होता, त्यांतल्या अनेकांना केवळ बायोस (मदरबोर्डमधली मूळ आज्ञावली) अद्ययावत करून पाच वर्षांनी मोठी झेप घेता आली. तुमच्याकडे आजही एएम४ मदरबोर्ड आणि पुरेशी डीडीआर४ रॅम असेल, तर सगळा संच बदलण्याआधी त्याच सॉकेटवरच्या वरच्या प्रोसेसरचा विचार जरूर करावा.

नव्याने सुरुवात करणाऱ्यासाठी एएम५ हा २०२२ चा सॉकेट आहे. तो केवळ डीडीआर५ घेतो, आणि किमान २०२७ पर्यंत त्याला नवे प्रोसेसर मिळत राहतील असे एएमडीने जाहीर केले आहे. आज रायझन ५ ७६०० घेऊन काही वर्षांनी त्याच बोर्डवर नवा प्रोसेसर बसवता येणे, याला मी मोठे महत्त्व देतो. इंटेलचा एलजीए १७०० बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत चालला आणि तिथे पुढे जायला जागा उरलेली नाही, मात्र त्याचे काही बोर्ड डीडीआर४ घेतात, त्यामुळे जुनी रॅम वापरून बचत करता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले कोअर अल्ट्रा २०० मालिकेचे प्रोसेसर एलजीए १८५१ वर बसतात. वीज कमी घेणे आणि व्यावसायिक कामांत चांगले असणे हे त्यांचे गुण आहेत, पण बाजारात आले तेव्हा अनेक खेळांत ते आधीच्या चौदाव्या पिढीच्याही मागे राहिले.

वापरलेला तेराव्या किंवा चौदाव्या पिढीचा वरच्या दर्जाचा इंटेल प्रोसेसर घेताना विशेष सावध राहा. या प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे कायमची हानी होऊन खेळ अचानक बंद पडण्याचे प्रकार घडले, इंटेलने २०२४ मध्ये ते मान्य केले, ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधून मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरच्या अंतर्गत आज्ञांच्या, सुधारणा दिल्या आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. सुधारणा पुढची हानी रोखते, पण झालेली हानी भरून काढत नाही. म्हणून त्याचा बायोस कधी अद्ययावत केला होता हे आधीच्या मालकाला विचारावे आणि हमी शिल्लक आहे का तेही पाहावे.

पाचवी पायरी: नावातली अक्षरे वाचा

इंटेलच्या नावात एफ असेल तर प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नसते आणि के असेल तर त्याचा वेग वाढवण्याची मोकळीक असते. स्वतंत्र कार्ड घेणारच असाल तर एफ घेण्यात नुकसान नाही, फक्त कार्ड बिघडले तर ते दुरुस्त होईपर्यंत पडदा काळाच राहील.

एएमडीच्या जी प्रकारात मात्र खरा सापळा आहे. ८६००जी हे नाव ७६०० पेक्षा मोठे दिसते, पण त्यात एल३ कॅशे १६ एमबी आहे तर ७६०० मध्ये ३२ एमबी, आणि ग्राफिक्स कार्डाला मिळणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गिकाही (कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातल्या माहितीच्या वाटा) १६ ऐवजी आठच. स्वतंत्र कार्ड न घेता खेळायचे असेल तर जी प्रकार उत्तम आहे. कार्ड घेणार असाल तर तो टाळा. असेच अंतर रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांच्यात आहे. पहिल्यात निम्मी कॅशे आणि पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी, दुसऱ्यात पूर्ण कॅशे आणि चौथी पिढी. आठच मार्गिका वापरणारी कार्डे तिसऱ्या पिढीवर काही खेळांत मागे पडतात, म्हणून किमतीत थोडाच फरक असेल तर ५६०० कडे वळावे.

सहावी पायरी: चाचण्यांचे आकडे पारखून घ्या

प्रोसेसरच्या चाचण्या १०८०पी वर आणि सर्वांत महाग कार्डासह केल्या जातात, याबद्दल वाचक नेहमी तक्रार करतात. पण पद्धत बरोबर आहे, कारण कार्डाचा अडथळा दूर केल्याशिवाय प्रोसेसरची मर्यादा मोजताच येत नाही. आपण फक्त तिचा अर्थ योग्य लावायचा: हे आकडे आपल्याला मिळणाऱ्या फ्रेमचे नसून त्या प्रोसेसरच्या वरच्या मर्यादेचे आहेत. त्यांच्या शेजारी आपल्या कार्डाच्या, आपल्याच रिझोल्यूशनवरच्या चाचणीचे आकडे ठेवा. दोन्हींतला लहान आकडा साधारणपणे आपल्या पदरात पडेल.

सरासरीइतकेच महत्त्व ‘१ टक्का किमान’ या आकड्याला द्या. तो सर्वांत वाईट फ्रेमांचा हिशेब सांगतो. सरासरी १४० आणि किमान ६० देणाऱ्या प्रोसेसरपेक्षा सरासरी १२५ आणि किमान ९५ देणारा प्रोसेसर हाताला कितीतरी सुखाचा वाटतो.

सातवी पायरी: कूलर, रॅम आणि बोर्ड

रायझन ५ ७६०० च्या खोक्यात कूलर येतो आणि तो काम भागवतो, पण १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर घेतला तर आवाज बराच कमी होतो. एक्स३डी प्रोसेसरांबरोबर कूलर येत नाही. त्यांना खेळताना वीज बेताचीच लागत असल्याने चांगला एअर कूलर आणि मध्यम बोर्ड पुरतात. याउलट आय९-१४९००के ची वीज २५३ वॉटपर्यंत जाऊ शकते, आणि मग भक्कम बोर्ड व मोठा कूलर यांचा खर्चही त्याच्याच किमतीत धरावा लागतो.

रॅमच्या नेहमी दोन काड्या घ्या. एएम५ साठी डीडीआर५-६००० हा वेग आणि किंमत यांचा चांगला मेळ आहे. चार काड्या लावल्या तर एएमडीचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत उतरतो, म्हणून ‘आता दोन, नंतर दोन’ हा बेत डीडीआर५ वर करू नये. नवा प्रोसेसर आणि दुकानात पडून राहिलेला जुना बोर्ड अशी जोडी होत असेल, तर प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हवरून बायोस अद्ययावत करणारे बटण त्या बोर्डवर आहे का, हे खरेदीपूर्वीच पाहा.

आठवी पायरी: बसवणे आणि पडताळणे

एएम५ आणि इंटेल या दोन्हींच्या सध्याच्या सॉकेटांत नाजूक पिना बोर्डवर असतात. प्रोसेसर कडांनी धरा, कोपऱ्यातला छोटा त्रिकोण आणि कडेच्या खाचा सॉकेटशी जुळवा, आणि तो आपल्या वजनानेच खाली बसू द्या. हाताने दाबायचे नाही. दाब फक्त लोखंडी कडीचा पडतो आणि ती मिटताना थोडी कुरकुरते, ते साहजिक आहे. कूलरच्या तळावरचे पारदर्शक प्लास्टिक काढले आहे ना, हे उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावण्याआधी पुन्हा एकदा बघा.

एएम५ वर पहिल्यांदा वीज दिल्यावर पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या वेळी बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो, म्हणून घाईने बटण दाबून ती मधेच तोडू नये. पडदा आला की बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमचा जाहीर वेग लागू करणारी सोय) सुरू करा, कारण तोपर्यंत ६००० ची रॅम ४८०० सारख्या मूळ वेगावरच चालत असते. त्यानंतर मॉनिटरची तार बोर्डऐवजी ग्राफिक्स कार्डाला जोडली आहे का ते पाहा, विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून मॉनिटरच्या पूर्ण आकड्यावर न्या, आणि अर्धा तास खेळून तापमान बघा. ७८००एक्स३डी ची तापमानमर्यादा ८९ अंश सेल्सिअस आहे. खेळताना तो सतत तिथेच टेकत असेल तर कूलरची पकड किंवा पेस्ट चुकली आहे, आणि तो काढून पुन्हा बसवावा लागेल.